मास्तरांच्या तोंडून

आवडत्या गायकाला प्रत्यक्ष भेटायला वीस सेकंद मिळतात, ऑनलाइन भेटायला दोन मिनिटं. तरी लोक ऑनलाइनला दुधाची तहान ताकावर भागवणं म्हणतात. मी दोन्हीकडे काम केलंय, आणि मला विचाराल तर दूध नेमकं कुठे आहे हे मला अजून सापडलेलं नाही.

मुलगी होण्याआधी मी हॉलमधल्या भेटींना टेबलाशेजारी उभी असायचे. माझं काम ढकलायचं. म्हणजे धक्का द्यायचा नाही. माणसाच्या कोपराला हलकेच हात लावायचा, "चला, पुढे या हं" म्हणायचं आणि हात तसाच ठेवून चालायला लागायचं. माणूस आपोआप येतो, मान मात्र मागेच राहते. चार-चार तास रांगेत घालवलेले लोक, हातात कोमेजलेली फुलं, आठवडाभर घोकलेलं एक वाक्य, आणि टेबलापाशी पोचल्यावर त्यातला शब्द आठवू नये! गायकाच्या तरी काय लक्षात राहणार? हजार-बाराशे हात हातात घेऊन त्याचा पंजा सुजलेला असतो. मध्यंतरात तो बर्फाच्या बादलीत हात बुडवून भिंतीकडे बघत बसतो.

मुलगी झाल्यावर मॅनेजरबाई म्हणाल्या, "तू आता ऑनलाइनचं बघ. घरूनच कर. बाळ पाळण्यात, तू लॅपटॉपवर. काय अवघड आहे त्यात?" त्यांना मूलबाळ नाही.

ऑनलाइनला ढकलायचं नसतं, कापायचं असतं. चाहता पडद्यावर आला की घड्याळ सुरू होतं, दोन मिनिटं झाली की मी बटण दाबते आणि तोंड उघडं असलेला माणूस तसाच नाहीसा होतो. पण खरं काम त्याच्या आधीचं. चाहत्यांनी फॉर्म भरलेला असतो: नाव, काम, काय बोलायचंय. त्यावरून मी तीन ओळी लिहिते आणि गायकाला त्या कॅमेऱ्याच्या बरोबर खाली दिसतात. आमच्यात त्या ओळींना चिठ्ठी म्हणतात. 'मागच्या वेळी आईचं ऑपरेशन होतं, विचारा.' गायक विचारतो, "आई बऱ्या आहेत ना आता?" आणि पलीकडचा बाप्या ढसाढसा रडतो. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्या आईची आठवण ठेवली! आठवण माझ्या वहीत असते, मुलीच्या लसींच्या तारखांच्या मागच्या पानावर.

चिठ्ठीचा एकच कडक नियम. कुणी सल्ला मागितला तर ठरलेलं उत्तर द्यायचं: 'तुझ्या मनाला विचार.' त्यापलीकडे अक्षर लिहायचं नाही. "उद्या कुणी नोकरी सोडली, लग्न मोडलं, तर ते निस्तरायला आपण जाणार आहोत का?" असं मॅनेजरबाई म्हणायच्या. आणि कोणत्या कलाकाराचं काम आपल्याकडे आहे हे घरातही बोलायचं नाही, असं मी सही करून दिलं होतं.

त्यामुळे माझ्या बहिणीला माहीत नव्हतं.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यापासून माझ्याकडेच राहायची. जन्मली तेव्हा इतकी ओरडायची की बाबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं, आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं सुरेख नाव असूनही घरात तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दोनला घरी यायची, उभ्या-उभ्या जेवायची आणि तीनपासून मुलगी तिच्या ताब्यात. तीन ते सात मी मागच्या खोलीत दार लावून कुणाकुणाच्या भेटी कापत बसायचे आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. मुलीला कडेवर घेऊन ती मास्तरांची गाणी म्हणायची. आवाज चांगला होता. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो चांगला आहे, हे मी विसरूनही गेले होते.

मास्तर म्हणजे तिचे देवच. गाण्यात यायच्या आधी ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. टिटवी मला विचारायची, "ताई, तुमच्याकडे मास्तर नाहीत का गं?"

"नाहीत."

"तुमच्याकडे असतीलच कोण? विमा कंपन्यांच्या मीटिंगा लावत असाल."

तेव्हा ते खरंच नव्हते. नंतर आले, पण माझं उत्तर तेच राहिलं.

मग एका सोमवारी ती दुकानातून आली ती चप्पल न काढताच जेवणाच्या टेबलापाशी उभी राहिली. एका बँडनं तिला बोलावलं होतं. आठ महिन्यांचा दौरा, वीस-बावीस गावं, दुसरा आवाज म्हणून. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"दुसरा आवाज म्हणजे मागे उभं राहून आ-ऊ करायचं ना?" मी म्हणाले.

"पुढे उभी असते तीही आधी मागेच उभी होती."

"आणि चष्म्यांचं काय?"

"लोक आठ महिने अंधुक बघतील. मरणार नाहीत कुणी."

मी हसले. मुलीच्या तोंडात घास घालत म्हणाले, "तुझं तू ठरव." मोठ्या बहिणीनं मान वर न करता असं म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग तिनं चप्पल काढली.

मी मनात पाळणाघरं मोजत होते. आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं एकच, आणि तिथे वर्षभर जागा नव्हती. मुलीचे बाबा कामासाठी लांब, दोन महिन्यांतून चार दिवस घरी. टिटवी गेली तर माझं काम गेलं, हे सरळ दिसत होतं. आणि काम गेलं की मला त्या मागच्या खोलीत दार लावून बसता येणार नव्हतं. मुलीवर माझा जीव आहे. तरीसुद्धा ते चार तास मी कुणाची आई नसायचे, आणि ते मला हवे होते.

बुधवारी टिटवीनं दुकानातून फोन केला. "ताई, आज मालाची मोजणी आहे. उशीर होईल. सांभाळशील ना?"

"आजच? आज मला श्वास घ्यायला वेळ नाही."

"जमव गं. एकच दिवस."

मुलीला दात येत होते. अंग कोमट, तोंडातून लाळेची धार, खाली ठेवली की किंचाळायची. मी तिला मांडीवर घेऊन बसले. त्या दिवशी मास्तरांच्या साठ भेटी होत्या आणि ऑफिसातून फॉर्म उशिरा आले, म्हणून एकाची भेट चालू असताना मी पुढच्याची चिठ्ठी लिहीत होते. एका हातानं. दुसरा हात मुलीच्या पाठीवर.

एकतिसावा फॉर्म उघडला. नाव वाचलं, पण ते दाखल्यावरचं नाव, मला ओळखायला क्षण लागला. खाली लिहिलं होतं:

'मला आठ महिने गाण्याच्या दौऱ्यावर बोलावलंय. जाऊ का? घरी मोठी बहीण आहे, तिचं बाळ लहान आहे. बहीण काही बोलत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.'

तिसाव्याची पन्नास सेकंदं उरली होती. मी ठरलेलं उत्तर टाकलं: 'तुझ्या मनाला विचार.' तेवढ्यात मुलीनं माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला आणि मी कळवळले. मग ती रडायला लागली, आणि मी ते उत्तर खोडलं. का खोडलं याचा विचार करायला वेळ नव्हता, असं मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. लिहायला मात्र वेळ होता. मी लिहिलं, जसं जेवणाच्या टेबलापाशी बोलले असते तसंच:

'टिटवे, घाई करू नकोस. आठ महिने भटकून काय हाती लागणार? घरात राहून रियाज कर. घरच्यांना तुझी गरज आहे.'

पडद्यावर ती आली. दुकानाच्या मागच्या खोलीत बसली होती. मागे भिंतभर काचा नसलेल्या फ्रेमा टांगलेल्या. केस नीट विंचरलेले, माझा निळा कुडता घातलेला. मी तिला दिसत नव्हते. कामाच्या लोकांचे चेहरे कुणालाच दिसत नाहीत.

"मास्तर," ती म्हणाली आणि पुढे तिला बोलताच येईना.

मास्तर हसले. तासाभरात तीस लोकांशी हसून झालं होतं, तरी छान हसले. त्यांचे डोळे किंचित खाली गेले आणि ते वाचायला लागले. वाचतायत असं कुणाला वाटणार नाही, इतकं सुरेख. "टिटवे," ते म्हणाले, "घाई करू नकोस..."

तेव्हा मला कळलं की मी काय लिहून बसले आहे.

टिटवीनं दोन्ही हात तोंडावर धरले. मास्तरांनी सगळं वाचून दाखवलं. 'गरज आहे'च्या आधी जरासे थांबलेसुद्धा. ते वाक्य माझ्या तोंडून इतकं प्रेमळ कधीच आलं नसतं.

"मास्तर, हे नाव तुम्हाला कसं..."

मास्तरांनी चिठ्ठीकडे पाहिलं. चिठ्ठीत पुढे काही नव्हतं. घड्याळात अजून चौदा सेकंदं होती. मी बटण दाबलं.

सात वाजून गेल्यावर ती आली ती नाचतच. मुलीला माझ्याकडून ओढून घेतलं, हवेत उडवलं. "तुझ्या मावशीशी आज कोण बोललं माहितेय? मोजणीबिजणी काही नव्हती, ताई. शपथ, रागावू नकोस. मी मास्तरांना भेटले!" मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. नावाचं कोडं तिनं स्वतःच सोडवून टाकलं होतं. "दोन वर्षांपूर्वी मी त्यांना पत्र लिहिलं होतं. खाली सही केली होती, 'तुमची टिटवी'. त्यांनी ते वाचलं, ताई! दोन वर्षं लक्षात ठेवलं!"

बोलायचं असेल तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "हात धुऊन घे, जेवायला वाढते."

शुक्रवारी तिनं बँडला नाही म्हणून कळवलं. रडली नाही. दोन दिवस घरातल्या सगळ्या बरण्या रिकाम्या करून घासल्या, एवढंच.

त्यानंतरचे पाच-सहा महिने आमच्या घरात फार सुखाचे गेले, हे मला लिहायला नको वाटतं, पण गेले. टिटवी दोनला यायची, तीनला मुलीला घ्यायची. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी न चुकता रियाज करायची, मास्तरांनी सांगितलंय म्हणून. माझं ऐकून तिनं कधी भांडं जागेवर ठेवलं नव्हतं. मुलगी चालायला लागली ती तिच्या बोटाला धरून. पहिला शब्द 'मावशी' नसला तरी 'आई'ही नव्हता. तो 'टिटी' होता. मी हसले होते. सगळ्यांना फोन करून सांगितलंही होतं.

मग मास्तर आमच्याच गावात, मोठ्या हॉलमध्ये, प्रत्यक्ष भेटीला आले.

"मला त्यांना सांगायचंय की मी त्यांचं ऐकलं," टिटवी म्हणाली. "ऑनलाइन काय गं, काचेला तोंड लावून बोलल्यासारखं. हात हातात घेऊन सांगायचंय. आणि तू चल. फोटो तूच काढ, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

"रांगेत बाळाला कुठे आणायचं?"

"बाळ असलं की रांग पटकन सरकते. तूच सांगायचीस."

मीच सांगायचे. मी डोक्यावरून ओढणी घेतली, मुलीला पोटाशी बांधलं आणि गेले. मॅनेजरबाई तिथे असणार, हे मला ठाऊक होतं. पण असल्या दिवशी त्यांना समोरचा हत्तीही दिसत नाही, हेसुद्धा ठाऊक होतं. दोन वाक्यांत आटपेल, कोपराला हात लागेल, आम्ही बाहेर, असा मी हिशेब केला. वीस सेकंदांवर माझा विश्वास होता.

अडीच तासांनी आम्ही टेबलापाशी पोचलो. मास्तर पडद्यापेक्षा बुटके निघाले. डोळ्यांखाली काळं, हाताची बोटं फुगलेली. समोर फक्त पाण्याची बाटली. चिठ्ठी कुठेच नव्हती.

टिटवीनं तो सुजलेला हात दोन्ही हातांत धरला. तिचं घोकलेलं वाक्य ती विसरली नव्हती. "मास्तर, मी तुमचं ऐकलं. दौऱ्यावर गेले नाही. घरात राहून रोज रियाज करते."

"कसला दौरा?" मास्तर म्हणाले.

"गाण्याचा. तुम्ही म्हणाला होतात ना, भटकून काय हाती लागणार. टिटवे म्हणालात!" तिनं हसत आठवण करून दिली. जवळच्या माणसाला करून द्यावी तशी.

मास्तर हसले नाहीत. दमलेला माणूस हसायचं सोडतो तेव्हा बहुधा खरं बोलतो. "बाळ, गायला निघालेल्या मुलीला मी घरी बस म्हणेन? मी शाळा सोडून निघालो तेव्हा माझे वडील सहा वर्षं माझ्याशी बोलले नव्हते. मी कुणाला असं सांगणार नाही."

"पण तुम्ही..."

मास्तर मागे वळले. हॉलमध्ये गोंगाट होता, त्यांना ओरडून विचारावं लागलं. "बाई, आपल्या ऑनलाइनच्या चिठ्ठ्या कोण लिहितं हो?"

मॅनेजरबाईंनी आधीचं काहीच ऐकलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि फोन उंच धरून उभी असलेली मी त्यांना दिसले. चेहरा खुलला. "अगंबाई, तू होय! आणि ही छकुली केवढी झाली! मास्तर, ही बघा, हीच लिहिते. आमची सगळ्यात हुशार मुलगी. तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या हिच्याच."

टिटवीनं माझ्याकडे पाहिलं. तिला लगेच कळलं नाही. मग नाव आठवलं असणार, आणि त्यानंतर एकेक करून बाकीचं. मास्तर काहीतरी बोलणार होते, पण रांग कुणासाठी थांबत नाही. मागच्या बाईनं त्यांचा दुसरा हात धरलाही होता. माझ्या जागी उभ्या असलेल्या नव्या मुलीनं टिटवीच्या कोपराला हात लावला. "चला, पुढे या हं." टिटवी चालायला लागली. तिची मान मागे वळलेली होती, पण मास्तरांकडे नाही.

बाहेर पायऱ्यांवर ती माझ्यापुढे चार पायऱ्या चालत होती. मुलगी हात पसरून "टिटी, टिटी" करत होती. ती थांबली, परत आली आणि तिनं मुलीला माझ्या पोटावरून सोडवून घेतलं. आम्ही बसथांब्यावर बसलो.

"चिठ्ठ्या म्हणजे काय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. फॉर्म, तीन ओळी, कॅमेऱ्याखालची जागा, बटण. चौदा सेकंदंही सांगितली.

"म्हणजे माझं पत्र त्यांनी वाचलंच नव्हतं."

"ते मला माहीत नाही."

"माहीत आहे तुला."

"नसेल वाचलं."

एक बस आली आणि गेली. मुलगी तिच्या गळ्यातली साखळी चोखत होती. टिटवीनं ती हळूच सोडवली.

"ताई, खरं सांग. माझ्यासाठी केलंस की हिच्यासाठी?"

सहा महिन्यांत मी उत्तरं तयार करून ठेवली होती. बँडचे लोक फसवतात. आठ महिन्यांनी तुला कुणी विचारलं नसतं. आई असती तर तिनं हेच सांगितलं असतं.

"हिच्यासाठी," मी म्हणाले. मग म्हटलं, आता अर्धं खोटं तरी कशाला? "माझ्यासाठी. मला ते चार तास हवे होते."

तिनं मान हलवली. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक शेवटी खरा नंबर सांगतं तेव्हा हलवत असेल तशी.

"मग मलाच विचारायचं होतंस."

"तू थांबली असतीस?"

"चिडले असते. चार दिवस आदळआपट केली असती. स्वार्थी म्हणाले असते तुला." ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत होती. "पण थांबले असते गं. तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं, आणि ते मी दिलेलं असतं. तू ते त्या माणसाच्या हातून काढून घेतलंस."

दुसरी बस आली. तिनं मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं, टोपी नीट केली आणि दुकानातल्या मैत्रिणीच्या घराकडे जाणाऱ्या त्या बसमध्ये चढली. मुलगी घरी पोचेपर्यंत रस्ताभर रडली.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन येईल. आला नाही. मास्तरांनी तक्रार केली नाही. पुढच्या बुधवारी ऑनलाइनला बसले तेव्हा ते माझ्या चिठ्ठ्या पूर्वीसारख्याच वाचत होते, गोड, जरासे थांबून. त्यांच्या काही लक्षातच राहिलं नसणार. मी आता ठरलेल्या उत्तराबाहेर अक्षर लिहीत नाही. पाळणाघरात कुणीतरी जागा सोडली आणि मुलीला ती मिळाली. ती तिथे दुपारी झोपत नाही, असं तिथल्या बाई सांगतात. नुसती पडून भिंतीकडे कान देते.

त्या बँडला तिची जागा घेणारी केव्हाच मिळाली. टिटवीनं नंतर कुठे विचारलं की नाही, मला माहीत नाही. ते विचारायचा हक्क मी घालवून बसले आहे. ती मैत्रिणीच्या खोलीत राहते. रविवारी येते, मुलीला बागेत नेते, वेळेवर परत आणते, मी चहा दिला तर उभ्याउभ्या पिते. माझ्याशी भांडत नाही, टोमणे मारत नाही. आमच्या घराची किल्ली अजून तिच्याकडेच आहे. ती बेल वाजवते आणि मी दार उघडून "ये" म्हणेपर्यंत पायपुसण्याच्या बाहेर थांबते.